राजाचे पूर्वज आणि वर्गातल्या मुलांचे पूर्वज

बहुतेक शाळांत भोसले घराण्याच्या वंशावळीचा तक्ता असतो. वर बाबाजी, त्याखाली मालोजी व विठोजी, मग शहाजी, शिवाजी आणि पुढे सातारा व कोल्हापूर अशा दोन फांद्या. तक्ता समजावून देताना शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : राजर्षी शाहू महाराज हे शिवाजी महाराजांचे कितवे वंशज? आणि त्याच्या मागोमाग दुसरा : बाबाजींच्या आधी कोण होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यावर बोट ठेवून मोजता येईल असे वाटते, दुसऱ्याचे उत्तर पुस्तकात सापडेल असे वाटते. दोन्ही प्रश्न दिसतात त्याहून अवघड आहेत. त्यांची उत्तरे शोधताना इतिहास, गणित आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय एकाच फळ्यावर आणावे लागतात, म्हणून हा लेख.

आधी राजर्षी शाहूंचेच पाहू. त्यांचा जन्म २६ जून १८७४ चा. जन्मनाव यशवंतराव. वडील कागलचे जहागीरदार जयसिंगराव घाटगे, आई राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला वारले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले. म्हणजे तक्त्यावर चौथ्या शिवाजींपासून शाहूंपर्यंत जी उभी रेघ काढलेली असते, ती जन्माची नाही, दत्तविधानाची आहे. चौथे शिवाजीही भाऊबंदांतून १८७१ मध्ये दत्तक आलेले. त्यांच्या आधीचे राजाराम महाराज १८६६ मध्ये दत्तक आलेले. ते आधीच्या महाराजांच्या बहिणीचे चिरंजीव. युरोपच्या प्रवासातून परतताना १८७० मध्ये ते फ्लॉरेन्सला वारले, त्यांचे स्मारक तेथे आर्नो नदीकाठी आजही आहे. आणखी मागे गेलो तर १७६० मध्ये कोल्हापूरचे संभाजी महाराज निपुत्रिक वारले व १७६२ मध्ये जिजाबाईंनी खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला. म्हणजे सव्वाशे वर्षांत या एका गादीवर चार दत्तके झाली.

यात कमीपणा काहीच नाही. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा पुत्रच. गादी, कर्ज, कुलधर्म, श्राद्ध हे सगळे त्याच्याकडे जाते. पण कायद्याची वंशावळ आणि शरीराची वंशावळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा मुलांच्या लक्षात आले की पुढचे सगळे सोपे जाते.

हा फरक किती महागात पडू शकतो, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ते ज्या कुलाबा संस्थानावरून पडले, त्याचे अधिपती आंग्रे. रघुजी आंग्रे १८३८ च्या अखेरीस वारले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा काही महिन्यांतच गेला. दत्तक घेण्याची परवानगी कंपनी सरकारने दिली नाही आणि १८४० मध्ये संस्थान खालसा झाले. सातारा १८४८ मध्ये, मग नागपूर व झाशी, यांचे हेच झाले. तक्त्यावरची एक रेघ मान्य नाही, एवढे म्हणून राज्ये बुडाली. १८५७ च्या उठावानंतर सरकारने धोरण बदलले आणि १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्या नसत्या तर १८६६, १८७१ आणि १८८४ ही कोल्हापूरची तिन्ही दत्तविधाने कदाचित झालीच नसती.

एक रेघ आणि पाचशे बारा जागा

आता शरीराच्या वंशावळीकडे वळू. प्रत्येकाला दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा, सोळा खापरपणजी-खापरपणजोबा. दर पिढीला संख्या दुप्पट. सरासरी एक पिढी २७ वर्षांची धरू. ही अंदाजी गोष्ट आहे, २५ किंवा ३० धरली तरी मुद्दा बदलत नाही.

शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, राजर्षी शाहूंचा १८७४ चा. मधली २४४ वर्षे म्हणजे सुमारे नऊ पिढ्या. नवव्या पिढीत शाहूंच्या पूर्वजांच्या जागा २ चा नववा घात, म्हणजे ५१२. तक्ता यातली फक्त एक जागा दाखवतो, आणि शाहूंच्या बाबतीत तीही दत्तकाच्या वाटेने. उरलेल्या ५११ जागांवर कोण होते? वडिलांकडून घाटगे आणि घाटग्यांच्या सोयरिकीतली घराणी, आईकडून मुधोळचे घोरपडे आणि त्यांचे सोयरे.

यात एक गमतीची गोष्ट आहे. शहाजीराजांना १६४८ मध्ये जिंजीजवळ विश्वासघाताने पकडण्यात मुधोळच्या बाजी घोरपड्यांचा हात होता. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन त्याचा हिशेब चुकता केला. दोनशेवीस वर्षांनी त्याच मुधोळच्या लेकीचा मुलगा छत्रपतींच्या गादीवर बसला, आणि त्या गादीचे नाव त्याने किती मोठे केले हे आपण जाणतोच. वंशावळीचे उभे तक्ते असली वळणे दाखवत नाहीत, कारण त्यांत आयांना जागा नसते. शिवाजी महाराजांच्या आजोबांची नावे, मालोजी आणि लखुजी जाधवराव, मुले पटकन सांगतात. आज्यांची नावे विचारून पाहावीत. म्हाळसाबाई हे जिजाबाईंच्या आईचे नाव एखाद्याला येते. मालोजींच्या पत्नीला काही कागद उमाबाई म्हणतात, काही दीपाबाई. त्या फलटणच्या निंबाळकरांच्या, एवढे मात्र पक्के.

दुप्पट होत जाणाऱ्या जागांचा हिशेब फार मागे नेला की तो बिघडतो. आज जन्मलेल्या मुलाच्या तीस पिढ्या मागे गेलो, तर आपण देवगिरीच्या सिंघण यादवाच्या काळात, १२१५ च्या आसपास पोहोचतो. जागा होतात १०७ कोटींवर. त्या काळी साऱ्या जगाची लोकसंख्या चाळीस कोटींच्या आसपास होती, असा अंदाज आहे. जागा जास्त आणि माणसे कमी. याचा अर्थ एकच : एकेक माणूस अनेक जागांवर बसलेला आहे. पूर्वजांचा वृक्ष वर फांद्या फुटत जात नाही, त्या फांद्या पुन्हा पुन्हा एकमेकींत मिसळतात.

याचे लहान आणि स्वच्छ उदाहरण फलटणच्या सोयरिकीत सापडते. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई या निंबाळकरांच्या, बजाजी निंबाळकरांच्या भगिनी. महाराज व सईबाई यांची कन्या सखुबाई हिचे लग्न बजाजींचे पुत्र महादजी यांच्याशी झाले. म्हणजे मामाच्या घरी दिलेली मुलगी. मराठा समाजात, आणि आपल्या भागातल्या अनेक समाजांतही, मामाचा मुलगा हे हक्काचे स्थळ समजले जाई. आता सखुबाई-महादजींच्या अपत्याचे पणजी-पणजोबा मोजू. जागा आठ. शिवाजी महाराजांचे आईवडील दोन, सईबाईंचे आईवडील दोन, बजाजींचे आईवडील दोन, बजाजींच्या पत्नीचे आईवडील दोन. पण सईबाई आणि बजाजी सख्खी भावंडे असल्याने त्यांचे आईवडील तेच. म्हणून आठ जागांवर माणसे सहाच. हे गणित पाचवीच्या मुलालाही फळ्यावर करता येते.

युरोपातल्या राजघराण्यांत ही गोष्ट फार पुढे गेली. स्पेनचा बारावा अल्फोन्सो याला आठांऐवजी चारच पणजी-पणजोबा होते, कारण त्याचे आईवडील दोन्ही बाजूंनी चुलत-मावस भावंडे होती. इंग्लंडच्या तिसऱ्या चार्ल्सचे आईवडीलही दोघे व्हिक्टोरिया राणीचे वंशज. चार्ल्सच्या पाच पिढ्या मागे ज्या ३२ जागा, त्यांतल्या दोन एकट्या व्हिक्टोरियाच्या. जागा फार एकवटल्या की आईकडून आणि वडिलांकडून सारखेच दोषयुक्त जनुक येण्याची शक्यता वाढते. स्पेनचा दुसरा चार्ल्स हा पिढ्यान् पिढ्या मामा-भाचीच्या आणि चुलत-मावस भावंडांच्या लग्नांतून जन्मला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचा अंतर्विवाह गुणांक ०.२५४ काढला आहे. सख्ख्या बहीणभावांच्या अपत्याचा गुणांक ०.२५ असतो, यावरून कल्पना यावी. मामेभाऊ-आतेबहिणीच्या अपत्याचा तो ०.०६२५ भरतो. चार्ल्स आजारी राहिला, निपुत्रिक वारला आणि त्याच्या पाठीमागे युरोपात वारसायुद्ध पेटले.

बाबाजींच्या आधी

आता दुसरा प्रश्न. भोसल्यांची खात्रीलायक कागदोपत्री साखळी बाबाजींपाशी सुरू होते. त्यामागे जाणारी परंपरा सांगते की हे घराणे मेवाडच्या सिसोदियांचे. अलाउद्दीन खिलजीने १३०३ मध्ये चितोड घेतले, त्या संहारातून वाचलेल्या राजपुत्राचे वंशज दक्षिणेत आले. जिजाबाईंच्या माहेरचे, सिंदखेडचे जाधव, आपला संबंध देवगिरीच्या यादवांशी जोडतात. फलटणचे निंबाळकर स्वतःला परमार म्हणवतात. मुधोळचे घोरपडे तर भोसल्यांबरोबर एकाच मुळातून निघाल्याचे सांगतात. त्यांच्या एका पूर्वजाने बहमनी काळात विशाळगडाचा, म्हणजे तेव्हाच्या खेळणा किल्ल्याचा, कडा घोरपडीच्या साह्याने चढून हे आडनाव मिळवले, अशी कथा आहे. या घराण्याची जुनी फर्माने प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांच्या खरेखोटेपणावरून संशोधकांत मोठा वाद झाला.

अशा दाव्यांची परीक्षा कशी करायची? मला वाटते, येथे शिक्षकांनी निकाल सांगण्यापेक्षा कसोट्या सांगाव्यात.

पहिली कसोटी कागदाच्या वयाची. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरलेले आहे. इतका लांबलचक शिलालेख दुर्मीळ. पाहणाऱ्याला वाटते, दगडावर कोरले आहे म्हणजे खरेच असणार. पण तो कोरला १८०३ मध्ये, दुसऱ्या सरफोजी राजांच्या वेळी. आणि हे सरफोजीही दत्तकच. दोनशे वर्षांपूर्वीच्या शहाजींबद्दल किंवा पाचशे वर्षांपूर्वीच्या चितोडबद्दल हा लेख साक्षीदार होऊ शकत नाही. १८०३ साली तंजावरच्या दरबारात काय समजूत होती, एवढ्याचाच तो उत्तम साक्षीदार आहे.

दुसरी कसोटी पिढ्यांच्या गणिताची. १३०३ पासून १६३० पर्यंत ३२७ वर्षे, म्हणजे साधारण बारा पिढ्या. यादीत सहाच नावे असतील तर मधली गळाली आहेत, पंचवीस असतील तर भरीची घातली आहेत, किंवा भाऊभाऊ बापलेक म्हणून लिहिले गेले आहेत. बखरींतल्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या तर नावे आणि क्रम दोन्ही हलतात. अलीकडच्या पिढ्यांत एकवाक्यता आणि मागे जाऊ तसतसा गोंधळ, हे बहुतेक सर्व वंशावळींचे लक्षण आहे.

तिसरी कसोटी हेतूची. वंशावळ लिहिली केव्हा आणि कशासाठी? ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाआधी क्षत्रियत्वाचा प्रश्न उपस्थित झाला होता, आणि सिसोदिया कुळाचा दाखला तेव्हा उपयोगी पडला. यावरून काही अभ्यासक हा दावा तेव्हाच रचला गेला असे म्हणतात. पण येथे घाई नको. शहाजीराजांच्या १६५६ च्या एका पत्रातही रजपूतपणाचा उल्लेख आहे. म्हणजे दावा राज्याभिषेकाहून जुना आहे. दावा जुना असणे आणि खरा असणे या गोष्टी अर्थातच वेगळ्या. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाच्या अभ्यासातून याहून निराळी दिशा दाखवली. भोसल्यांचे कुलदैवत, त्याचे कर्नाटकाशी असलेले नाते आणि स्थळांची नावे यांवरून त्यांनी या घराण्याचे मूळ होयसळांकडे जाते, असे मांडले. राजस्थान की कर्नाटक, हा वाद मिटलेला नाही. पण ढेऱ्यांची पद्धत मुलांना सांगण्याजोगी आहे : नावे बदलतात, बखरी उशिरा लिहिल्या जातात, पण कुळाचा देव आणि त्याची वाट माणसे सहसा सोडत नाहीत.

राजघराण्यांच्या बाहेरही वंशावळी लिहिल्या जात, त्या भांडणापायी. पाटीलकी, देशमुखी, कुळकर्ण यांचे तंटे उभे राहिले की दोन्ही पक्ष आपापली हकिकत, म्हणजे करीना, लिहून देत. गोतसभा बसे, साक्षी होत आणि निकालाचा महजर होई. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या साधनांत असले कागद मुबलक आहेत. हे कागद स्वार्थाने लिहिलेले, पण समोर विरोधक बसलेला असताना लिहिलेले. म्हणून मला दरबारी चरित्रापेक्षा भांडणातली वंशावळ जास्त विश्वासार्ह वाटते. खोटे बोललेच तर शेजारच्या गावचा पाटील उभा राहून हाणून पाडी.

डीएनए काय सांगू शकतो

हाडांतून किंवा रक्तातून डीएनए काढून हा सगळा घोळ निस्तरता येणार नाही का, असे वरच्या वर्गातली मुले विचारतील. काही प्रमाणात येतो. शरीरातले बहुतेक डीएनए आईकडून निम्मे व वडिलांकडून निम्मे येते आणि दर पिढीला पत्त्यांसारखे पिसले जाते. याला दोन अपवाद. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जसेच्या तसे जाते. पेशीतल्या तंतुकणिकांमधले डीएनए आईकडून सर्व अपत्यांना जाते, पण पुढे ते फक्त मुलींमार्फतच सरकते. या दोन्हींत फार क्वचित बदल होतात, म्हणून शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसाची आजच्या माणसाशी तुलना करता येते.

रशियाचा झार, त्याची राणी आणि मुले यांना १९१८ मध्ये मारण्यात आले. त्यांचे अवशेष १९९१ मध्ये उकरले गेले. राणी अलेक्झांड्राची ओळख पटली ती इंग्लंडच्या राणीचे पती फिलिप यांच्या रक्तामुळे, कारण फिलिप यांच्या आईची आई ही अलेक्झांड्राची बहीण. आईची वाट सलग होती, तंतुकणिकांचे डीएनए जुळले. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत पडला. त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर शहरात गाड्या उभ्या करण्याच्या जागेखाली सापडला. त्याच्या बहिणीपासून केवळ मुलींच्या वाटेने आलेले दोन वंशज शोधण्यात आले. त्यांचे तंतुकणिकांचे डीएनए जुळले. पण पुरुषांच्या वाटेने नातेवाईक समजल्या जाणाऱ्या पाच जणांचे वाय गुणसूत्र रिचर्डशी जुळले नाही, आणि त्या पाचांतही एकाचे इतर चौघांशी जुळले नाही. म्हणजे कागदावर बाप म्हणून लिहिलेला माणूस मधल्या कुठल्यातरी पिढीत बाप नव्हता. कुठल्या पिढीत, ते चाचणी सांगत नाही. सरदारांच्या घरी, जिथे प्रत्येक जन्माची नोंद होत होती, तिथे ही स्थिती!

याच कसोटीला कोल्हापूरची रेघ लावून पाहिली तर काय दिसेल? १७६२ चे दत्तक भोसले भाऊबंदांतले, म्हणून तेथे वाय गुणसूत्राची साखळी टिकली असेल. १८६६ चे बहिणीच्या मुलाचे, तेथे ती तुटली, कारण बहिणीच्या मुलाचे वाय त्याच्या वडिलांच्या घराण्याचे. १८७१ ला पुन्हा भाऊबंद. १८८४ ला घाटग्यांचे. हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही, कागदच सांगतात.

शिवाजी महाराजांचे शारीरिक वंशज मग कुठे आहेत, या प्रश्नाचे उत्तर पुरुषांच्या रेघेत शोधू नये, मुलींकडे पाहावे. महाराजांना सहा मुली होत्या. त्या निंबाळकर, महाडिक, शिर्के, जाधव, पालकर अशा घराण्यांत दिल्या गेल्या. यातल्या कमळाबाईचे पती जानोजी पालकर. सरनौबत नेताजी पालकरांचे गाव म्हणून आपण खालापूर तालुक्यातले चौक ओळखतो, तेव्हा पालकर हे नाव या भागाला परके नाही. मुलींच्या मुलींचे आणि नातींचे वंशज कोणत्या आडनावांनी कुठे पसरले, याचा तक्ता कोणीच ठेवलेला नाही.

आणि ठेवला असता तरी एक नवल उरते. १६३० पासून आजच्या शाळकरी मुलापर्यंत सुमारे १४ पिढ्या. चौदाव्या पिढीत पूर्वजांच्या जागा १६,३८४. पण पिसण्याच्या क्रियेत आपला डीएनए इतक्या तुकड्यांत विभागला जात नाही. चौदा पिढ्यांमागून येणारे तुकडे सरासरीने नऊशेच्या आसपासच असतात. म्हणजे त्या पिढीतल्या शंभरातल्या पाच-सहा पूर्वजांचाच काही अंश आपल्या शरीरात पोहोचतो, उरलेल्यांचे काहीही नाही. एखाद्याची महाराजांशी असलेली वंशावळ मुलींच्या वाटेने अगदी पक्की सिद्ध झाली, तरी त्याच्या पेशीत महाराजांकडून आलेले एकही जनुक नसण्याचीच शक्यता मोठी. 'अमक्याचे रक्त' हा शब्दप्रयोग भाषणात चालतो, जीवशास्त्रात फार मागे नेता येत नाही.

उंबरखिंडीतला सैनिक

२ फेब्रुवारी १६६१ रोजी खालापूर तालुक्यातल्या चावणीजवळ, उंबरखिंडीत, शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली. त्या दिवशी रानात दबा धरून बसलेल्या एखाद्या साध्या शिपायाचा विचार करू. त्याचे नाव कोठे लिहिलेले नाही. आज कर्जत-खालापूरच्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी त्याचे वंशज किती?

येल विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ जोसेफ चँग यांनी १९९९ मध्ये यासारखा प्रश्न गणिताने सोडवला. कोणी बाहेर जात नाही, बाहेरून येत नाही आणि जोडपी यदृच्छेने जुळतात, अशी हजार माणसांची वस्ती कल्पावी. तर सुमारे दहा पिढ्या मागे असा एक तरी माणूस सापडतो, की जो आजच्या सर्वांचा पूर्वज आहे. आणि सुमारे अठरा पिढ्या मागे गेलो, तर ज्यांचा वंश टिकला असे त्या वेळचे सगळेच आजच्या सगळ्यांचे पूर्वज ठरतात. १६६१ पासून आजपर्यंत तेरा-चौदा पिढ्या झाल्या. त्या शिपायाचा वंश टिकला असेल, तर त्याच्या सोयरिकीच्या वर्तुळातील फार मोठ्या संख्येच्या मुलांचा तो पूर्वज असणार, आडनाव काहीही असो.

प्रत्यक्षात वस्ती अशी आदर्श नसते. लग्ने जातीत होतात, म्हणून वर्तुळे वेगळी राहतात आणि प्रत्येक वर्तुळाच्या आत मिसळण अधिक वेगाने होते. आनुवंशिकीच्या २०१३ च्या एका अभ्यासानुसार भारतात साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी मोठी सरमिसळ होत होती आणि नंतर ती थांबत गेली. म्हणजे आज वेगळी दिसणारी वर्तुळेही मागे एकमेकांत गुंतलेली आहेत. अंतराचाही प्रश्न असतो. एका दिवसात चालून जाऊन येता येईल, तेवढ्यात सोयरीक होई. भीमाशंकर आणि राजमाचीच्या डोंगरांपलीकडे घाटवाटांनी जेवढे जाणे-येणे तेवढेच नाते. रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली, १८६३ मध्ये बोरघाट चढून गेली, आणि स्थळे बघायचा परीघ वाढला.

हे शाळेत प्रत्यक्ष पडताळून पाहता येते. प्रत्येक मुलाने आईवडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा अशा चौदा जागांचा कागद करावा आणि प्रत्येक जागेपुढे नावाबरोबर गावही लिहावे. माहिती आजीला विचारावी. आजोबांपेक्षा आजीला सोयरिकी जास्त पाठ असतात. मग शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात आणि तलाठ्याकडच्या फेरफाराच्या वारसनोंदीत ताडून पाहावे. तीन पिढ्यांतच मुलींची नावे गळालेली दिसतील. सर्व कागदांवरची गावे तालुक्याच्या नकाशावर टाचण्यांनी दाखवली की सोयरिकीचे वर्तुळ डोळ्यांना दिसते. आजीच्या पिढीतले अंतर आणि आईच्या पिढीतले अंतर फुटपट्टीने मोजून सरासरी काढावी.

कातकरी आणि ठाकर वाड्यांतली मुले हा कागद भरताना लवकर थांबतात. जमीन नावावर नसली की फेरफार नाही, वीटभट्टीवर वर्षाचे सहा महिने गेले की रजिस्टरात आजोबा नाहीत. पूर्वजांच्या जागा त्यांनाही कोल्हापूरच्या महाराजांइतक्याच आहेत, फक्त लिहिणारा कोणी नव्हता. हे केवळ कुतूहलाचे नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीच्या कुटुंबाकडे १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र लागते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा साऱ्या राज्याने जुनी दप्तरे उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. राजर्षी शाहूंना स्वतःला १८९९ मध्ये वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला गेला, तेव्हाही वाद वंशाचाच होता. त्यानंतर तीन वर्षांनी, २६ जुलै १९०२ रोजी, त्यांनी आपल्या संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या जागांसाठी कोणाला सूर्यवंश सिद्ध करावा लागला नाही.

कागद भरून घेताना एक पथ्य पाळावे. काही मुले दत्तक असतात, काहींचे वडील सोडून गेलेले असतात. कागद वर्गात मोठ्याने वाचायला लावू नये, रिकाम्या जागेबद्दल विचारू नये, आणि मुलाला नावे द्यायची नसतील तर फक्त गावे घ्यावीत. नकाशावर टाचणी लावायला तेवढी पुरतात.